बॅगेचा झाला बग

वेबपानावरचा मथळा किती मोठा असावा, हे ठरवायचं कुणी? पान बांधणाऱ्या डिझायनरनं, मजकूर भरणाऱ्या संपादकानं, की डोळे ताणून वाचणाऱ्या वाचकानं? बेंगळुरूत एचएसआर लेआउट नाहीतर कोरमंगलाच्या कॅफेत चार वेब डिझायनर जमले, की फिल्टर कॉफी संपायच्या आत गाडी या वादावर येतेच. त्यात एखाद-दोघं पुण्या-नाशकाकडचे हमखास असतात. मग वाद मराठीतून रंगतो आणि पानाचं रूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटला शिव्या मात्र इंग्रजीतून पडतात. या वादाच्या आजूबाजूला इतक्या गमती सांडलेल्या आहेत, की निकाल बाजूला ठेवून त्याच वेचाव्यात.

टक्केवारीचा प्रस्ताव

१० ऑक्टोबर १९९४ रोजी होकॉन व्हिउम ली या नॉर्वेजियन तंत्रज्ञानं सर्न प्रयोगशाळेत असताना सीएसएस या स्टाइलशीटच्या भाषेचा पहिला मसुदा मांडला. त्यात चक्क टक्केवारी होती. पान लिहिणाऱ्यानं म्हणायचं, मथळा अमुक आकाराचा हवा आणि माझा आग्रह चाळीस टक्के. वाचकानंही आपली आवड नोंदवायची. मग ब्राउझरनं दोघांचं ऐकून तोडगा काढायचा. ही टक्केवारी पुढे सीएसएसमधून गळाली. (आपल्याकडे ती टेंडरांमध्ये टिकून आहे.)

त्याच मसुद्यात आणखी एक भन्नाट कल्पना होती: मजकूर तीन दिवसांहून शिळा झाला, की पानाची पार्श्वभूमी आपोआप फिकट पिवळी व्हावी. पिवळ्या पत्रकारितेची इतकी प्रामाणिक सोय नंतर कुणीच सुचवली नाही.

टक्के गेले, ‘इम्पॉर्टंट’ उरलं. नियमापुढे उद्गारचिन्ह आणि हा शब्द लिहिला, की बाकीचे नियम गुमान बाजूला होतात. पण डिझायनर आणि वाचक दोघांनीही ‘इम्पॉर्टंट’ म्हटलं तर? सीएसएसच्या पहिल्या आवृत्तीत डिझायनर जिंकायचा. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत निकाल फिरवला आणि वाचकाचा शब्द शेवटचा ठरला. तेव्हापासून कायद्यानं सत्ता वाचकाची आहे, फक्त ही खबर बहुतेक वाचकांपर्यंत पोचलेली नाही.

‘इम्पॉर्टंट’ वापरावं की नाही, यावर बेंगळुरूचे डिझायनर एकमुखानं सांगतात, अजिबात नाही. शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, रिलीज तोंडावर असताना, तेच लोक काय लिहितात हे मात्र विचारू नये. प्रोग्रामरांना हा शब्द आणखी एका कारणानं खुपतो. प्रोग्रामिंगमध्ये उद्गारचिन्हाचा अर्थ ‘नाही’ असा, म्हणजे ‘महत्त्वाचं’ लिहिलं की त्यांना ते ‘महत्त्वाचं नाही’ असंच दिसतं.

आणि ही तक्रार खुद्द सीएसएसच्या समितीला मान्य आहे! समितीनं ‘सीएसएसच्या रचनेतल्या चुकांची अपूर्ण यादी’ नावाचं एक टिपणच जाहीर ठेवलंय, त्यात ही चूक नोंदवलेली आहे. तिच्याच शेजारी एक मोठा मासा सापडतो. डिझायनरनं सांगितलं, पेटी ३०० पिक्सेल रुंद हवी. आत दोन्ही बाजूंना वीस-वीस पिक्सेलची मोकळी जागा, म्हणजे पॅडिंग. प्रमाणित नियमानं पेटी भरते ३४०. जुना इंटरनेट एक्सप्लोरर ती ३०० च धरायचा, आणि त्याबद्दल मायक्रोसॉफ्टला जगभरातून बोल लावले गेले. आता समितीची यादी म्हणते, मुळात ३०० च धरायला हवी होती. म्हणजे शिक्षा भोगून झाल्यावर आरोपी निर्दोष. म्हणून आज जवळजवळ प्रत्येक प्रोजेक्टच्या स्टाइलशीटच्या डोक्यावर ‘बॉक्स सायझिंग, बॉर्डर बॉक्स’ ही ‘३०० म्हणजे ३०० च’ बजावणारी ओळ गणेशाय नमः सारखी लिहिलेली असते.

१९९६ ची पंगत

त्या एका वर्षात किती जण एकत्र जेवायला बसले बघा. ४ जुलैला हॉटमेल सुरू झालं. त्याचे एक संस्थापक साबीर भाटिया शिकले आधी पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये, मग बेंगळुरूच्या सेंट जोसेफ्समध्ये. हॉटमेलच्या मूळ स्पेलिंगमध्ये एच, टी, एम, एल ही चार अक्षरं मुद्दाम मोठी छापत, कारण मेल एचटीएमएलच्या, म्हणजे वेबच्या भाषेतल्या, पानावर दिसणार होती. ऑगस्टमध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ३ आला, सीएसएस थोडंफार समजणारा पहिला व्यावसायिक ब्राउझर. गणेशोत्सवात अमेरिकेतल्या मराठी माणसांची मायबोली डॉट कॉम सुरू झाली. आणि सीएसएसची पहिली अधिकृत आवृत्ती? १७ डिसेंबर. म्हणजे मायबोली सीएसएसपेक्षा वयानं मोठी आहे. भेटली तर सीएसएसनं वाकून नमस्कार करायला हवा.

त्याच सुमारास नेटस्केप या प्रतिस्पर्धी ब्राउझरनं स्वतःचा सवतासुभा मांडला होता, जावास्क्रिप्टमधून चालणारी स्टाइलशीट. ती चालली नाही. पण नेटस्केप ४ मध्ये सीएसएस आतल्या आत त्याच यंत्रणेतून जायचं, त्यामुळे कुणी सुरक्षेसाठी जावास्क्रिप्ट बंद केलं की पानाचे कपडेही उतरायचे.

वरचा मजला कापलेली बटणं

आता आपल्या घरचं. बेंगळुरूत बनणारी अनेक ॲप आणि साइट आधी इंग्रजीत आखल्या जातात, मग भाषांतर होऊन मराठी, कन्नड, तमिळ भरलं जातं. इंग्रजी अक्षराला वर फारसं काही लागत नाही. मराठीला लागतं: वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार, चंद्र, सगळं शिरोरेषेच्या वर राहतं. डिझायनरनं बटणाची उंची पक्की केली, ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं बेतली आणि ‘बाहेर आलेलं कापा’ असा हुकूम सोडला, की हा वरचा मजला उडतो. खरेदीच्या ‘बॅग’वरचा चंद्र कापला गेला, की बटणावर उरतं ‘बग’. टेस्टिंग करणाऱ्यानं यावर बग नोंदवायचा, तोही बटणावर आधीच लिहून आलेला! ‘ऑर्डर’वरचे चंद्र आणि रफार गेले की राहतं ‘आडर’, म्हणजे थेट आमच्या गावच्या हॉटेलातला उच्चार.

कन्नडचं दुखणं उलट्या बाजूला. तिथं जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्याला ओत्ताक्षर म्हणतात. त्यामुळे बेंगळुरूच्या ऑफिसात मराठी पोरगी वरून कापलं म्हणून ओरडते आणि शेजारचा म्हैसूरचा मुलगा खालून कापलं म्हणून. उपाय दोघांचा एकच, ओळीची उंची वाढवा. मग इंग्रजीवाला तक्रार करतो, की पान विरळ दिसतंय.

इंग्रजी मथळ्यात अक्षरं जरा लांब-लांब ठेवली की रुबाब येतो, म्हणून ‘लेटर स्पेसिंग’चा नियम सर्रास लागतो. देवनागरीवर तो पडला की शिरोरेषा अक्षरागणिक तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. हा नियम मराठीपुरता शून्य करणं एका ओळीचं काम आहे. पानाची भाषा मराठी अशी नोंदवायची आणि त्या भाषेपुरता वेगळा नियम लिहायचा, बस. माझं स्पष्ट मत आहे, की मराठी साइट करणाऱ्यानं दुसरं काही नाही केलं तरी चालेल, पानाची भाषा नोंदवायला विसरू नये.

कारण त्या नोंदीचा आणखी एक फायदा आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे. महाराष्ट्र शासनानं २००९ च्या निर्णयात पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श अशी वळणंच ठरवून दिली. काही देवनागरी फाँटांच्या पोटात दोन्ही वळणं असतात. पान मराठी आहे असं सांगितलं, की फाँट मराठी वळण बाहेर काढतो. नाही सांगितलं, तर पुण्याचा ‘ल’ लखनौचा होऊन बसतो.

मासिकातल्यासारखं पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर त्याचीही सीएसएसमध्ये सोय आहे. पण लेख ‘क्षणभर’ या शब्दानं सुरू झाला तर? कितीतरी वर्षं युनिकोड या अक्षरांच्या जागतिक प्रमाणाच्या नियमानुसार ‘क्ष’ म्हणजे दोन वेगळे तुकडे, अर्धा क आणि ष. मोठा कुठला करायचा? देवनागरीसारख्या लिप्यांतली जोडाक्षरं फोडू नका, असा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला, तो २०२३ साली. ज्ञानेश्वरांच्या नावातलं पहिलं अक्षर अखंड धरायला संगणकाला इतका वेळ लागला.

एक गोड माहिती मात्र आहे: याद्यांना एक, दोन, तीन असे देवनागरी आकडे आपोआप लावायची सोय सीएसएसमध्ये तयारच आहे. तिचं नावही ‘देवनागरी’. ती वापरलेली मराठी साइट शोधून काढणं हा रविवार दुपारचा चांगला उद्योग आहे.

आणि फाँटांच्या नावांत लपलेली ही भाऊबंदकी. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनं ‘बाळू’ हा गुबगुबीत फाँट एकेका भारतीय लिपीत काढला. देवनागरीतला नुसता बाळू. गुजरातीतला बाळू भाई, बंगालीतला बाळू दा, गुरुमुखीतला बाळू पाजी, मल्याळममधला बाळू चेट्टन, तमिळमधला बाळू तंबी. आणि कन्नडमधला बाळू तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. सीमाप्रश्न गुगल फाँट्सनं असा घरातल्या घरात मिटवून टाकलाय.

पेस्ट करणाऱ्याचे उपद्व्याप

डिझायनर कितीही सोवळ्यात राहिला, तरी मजकूर येतो संपादकाकडून. आणि संपादक तो वर्डमधून चिकटवतो. चिकटवताना मजकुराबरोबर वर्डचे नियमही गुपचूप आत येतात: फाँट, समास, रंग, ‘एमएसओ नॉर्मल’ नावाचे शिक्के. दोन ओळींच्या परिच्छेदामागे वीस ओळींचं लटांबर. वेबपानं बनवायच्या ड्रीमवीव्हर या प्रोग्रामात तर वर्डचा हा कचरा झाडायचा वेगळा मेन्यूच होता.

मराठीत याला जोडून जुन्या फाँटांचा वारसा. युनिकोड रुळण्याआधी श्री-लिपी आणि तत्सम फाँटांत रोमन अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. तो मजकूर आज वेबसाइटच्या खिडकीत चिकटवला, की अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं, डॉलर आणि कंस यांची खिचडी उमटते. मग बेंगळुरूच्या डिझायनरला फोन जातो, ‘तुमच्या साइटनं आमचा लेख खराब केला.’

या लेखनपेट्यांच्या नावांतही गमती आहेत. साइटवरच मजकूर नटवायची एक लोकप्रिय पेटी फ्रेदेरिको काल्देरा क्नाबेन यांनी बनवली आणि आपल्या आद्याक्षरांवरून तिला ‘एफसीके एडिटर’ म्हटलं. इंग्रजी वाचणाऱ्यांना तिसरंच काही दिसायचं. २००९ मध्ये ‘एफ’ सोडून ती ‘सीके एडिटर’ झाली. मायक्रोसॉफ्टचं वेबपानं बनवायचं साधन फ्रंटपेज, ते मुळात व्हर्मीर टेक्नॉलॉजीज या कंपनीचं. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली. फ्रंटपेज केव्हाच गेलं, पण कंपनीच्या आद्याक्षरांचं ‘व्हीटीआय’ हे कुंकू शेअरपॉइंटच्या फोल्डरांच्या नावात अजून आहे. बेंगळुरूच्या आयटी पार्कांत रोज हजारो लोक ते बघतात आणि ते कुणाच्या नावाचं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

मुळात जगातला पहिला ब्राउझर हा लेखनपेटीसुद्धा होता! टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये बनवलेल्या त्या प्रोग्रामात पान वाचताही यायचं आणि तिथंच लिहिताही. नंतरच्या ब्राउझरांनी लिहिणं काढून टाकलं, आणि गेली तीसेक वर्षं कंपन्या ते परत जोडण्याचे पैसे घेतायत.

बेंगळुरूनं या बाबतीत आपली भर टाकली आहे. २००६ मध्ये इथल्या टॅकिऑन टेक्नॉलॉजीजनं क्विलपॅड आणलं. इंग्रजी अक्षरांत ‘कसा आहेस’ असं जमेल त्या स्पेलिंगनं बडवावं आणि देवनागरी मिळावी. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूतल्या संशोधन केंद्रानं विकिभाषा नावाचं साधन काढलं, इंग्रजी विकिपीडियातला मजकूर भारतीय भाषांत आणायला मदत करणारं. शहरातली सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी ही संस्थाही कन्नडच्या जोडीनं मराठी विकिपीडियासाठी काम करत आली आहे. मराठी विकिपीडियाचा जन्म १ मे २००३ चा, अगदी महाराष्ट्र दिन साधून. त्याच महिन्याच्या २७ तारखेला साइट चालवायचं साधन वर्डप्रेस जन्मलं. एकाच महिन्यातली ही दोन भावंडं, त्यातलं एक गडगंज झालं.

या सगळ्यांच्या आधीचा अवलिया म्हणजे सिंप्युटर. भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी बेंगळुरूत घडवलेला हा हातात मावणारा संगणक. त्याच्यासाठी इन्फर्मेशन मार्कअप लँग्वेज नावाची स्वतंत्र भाषा तयार केली होती, आणि अक्षरओळख नसलेल्यांना मजकूर वाचून दाखवायची सोयही. २००४ मध्ये आलेल्या अमिडा सिंप्युटरमध्ये यंत्र हलवून पान उलटता यायचं. आयफोन बाजारात यायला तेव्हा तीन वर्षं होती. दुर्दैवानं गिऱ्हाइकं फार मिळाली नाहीत.

वेबसाइटच बंद!

स्टाइलशीटच्या कटकटीवर सगळ्यात जालीम उपाय मिंत्रानं केला. १५ मे २०१५ पासून या बेंगळुरूच्या कंपनीनं वेबसाइटला कुलूप घातलं. घ्यायचं तर ॲपवरून घ्या. शहरातल्या वेब डिझायनरांच्या पोटात तेव्हा गोळा आला होता. ग्राहकांना मोठ्या पडद्यावर कपडे बघायची सवय होती, आणि जून २०१६ मध्ये कंपनीला संगणकावरची साइट पुन्हा उघडावी लागली.

मिंत्राची मालक फ्लिपकार्ट. तिनंही २०१५ मध्ये मोबाइलवरची साइट बंद करून पाहिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘फ्लिपकार्ट लाइट’ नावानं ती नव्या अवतारात आणली. वेबसाइटच, पण ॲपसारखी वागणारी. तिच्या वापरकर्त्यांतले ६३ टक्के लोक टूजीवरून येत होते, आणि साइटवर घालवलेला वेळ तिपटीनं वाढला असं गुगलनं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. वेब मेलं म्हणणाऱ्या शहरानंच वर्षाच्या आत जगाला वेबचा नवा नमुना दाखवला. हे फक्त बेंगळुरूलाच जमावं.

मुंबईनं दुखण्यातून वेगळाच धंदा काढला. आपली साइट इंटरनेट एक्सप्लोररच्या प्रत्येक आवृत्तीत तपासायचा वैताग सोसून रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल या आयआयटी मुंबईच्या दोन पदवीधरांनी २०११ मध्ये ब्राउझरस्टॅक काढलं. हवा तो ब्राउझर भाड्यानं घ्या, साइट बघा, बंद करा. दहा वर्षांत कंपनीचं मूल्य चार अब्ज डॉलर झालं.

कोकणचा रंग आणि करडा गोंधळ

सीएसएसला रंग नावानं सांगता येतात, आणि ही नावं म्हणजे निव्वळ धमाल. ‘पपाया व्हिप’ आहे, ‘पीच पफ’ आहे. ‘ग्रे’ आणि ‘डार्क ग्रे’ आहेत, आणि डार्क ग्रे हा ग्रेपेक्षा फिका आहे. दोन वेगळ्या जुन्या याद्या एकत्र केल्या, ग्रे एकीतला आला आणि डार्क ग्रे दुसरीतला. नवख्या मुलाची फिरकी घ्यायची तर त्याला बटण जरा गडद करायला सांगावं.

‘इंडियन रेड’ नावाचा तांबूस रंगही यादीत आहे. मूळ रंगद्रव्याला हे नाव मिळालं ते भारतातल्या लोहयुक्त लाल मातीवरून, म्हणजे जांभ्याच्या जातकुळीची माती. कोकणात चिऱ्याच्या भिंती बघत वाढलेल्यांनी सीएसएसच्या यादीवर हक्क सांगायला हरकत नाही. खडू बनवणाऱ्या क्रेयोलानं १९९९ मध्ये आपल्या ‘इंडियन रेड’चं नाव बदलून ‘चेस्टनट’ केलं, कारण मुलांना ते अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबद्दल वाटत होतं. सीएसएसनं बदललं नाही.

याच यादीत ‘रेबेका पर्पल’ आहे, हॅश ६६३३९९. सीएसएसवर पुस्तकं लिहिणाऱ्या एरिक मायर यांची मुलगी रेबेका २०१४ मध्ये सहाव्या वाढदिवशी कर्करोगानं गेली. जांभळा तिचा आवडता. डिझायनरांनी मागणी केली आणि समितीनं तिच्या नावाचा रंग मंजूर केला. सीएसएसच्या चिन्हालाही आता हाच रंग आहे.

पंथ आणि पट्टशिष्य

ट्विटरच्या दोघांनी २०११ मध्ये बूटस्ट्रॅप हा तयार स्टाइलशीटचा संच सगळ्यांसाठी मोकळा केला, आणि पुढची काही वर्षं जगातल्या निम्म्या स्टार्टअपांच्या साइट एकाच आईच्या लेकरांसारख्या दिसल्या. २०१७ मध्ये टेलविंड आलं. स्टाइलशीट वेगळी लिहायचीच नाही, एचटीएमएलच्या ओळीतच वीस-वीस क्लास, म्हणजे तयार नियमांची नावं, लावत जायचं. एका पंथाला हे मोक्ष वाटतं. दुसरा म्हणतो, तीस वर्षांपूर्वी मजकूर आणि रूप वेगळं करायला एवढा खटाटोप केला, तो कशासाठी? बेंगळुरूत नोकरीच्या मुलाखतीला जाताना समोरचा कुठल्या पंथाचा, हे आधी काढून ठेवणं शहाणपणाचं. माझं मत विचाराल तर, सहा महिन्यांनी तीच साइट दुसऱ्याच कुणाला तरी दुरुस्त करायची असते. त्याला वाचता येईल ते लिहावं.

लेखनपेट्यांतही असेच पंथ. विकिपीडियानं जुलै २०१३ मध्ये इंग्रजी आवृत्तीत नवी, दिसेल तसं लिहिता येणारी पेटी सुरू केली, आणि जुन्या खोडांनी इतका दंगा केला की सप्टेंबरात ती पुन्हा ऐच्छिक झाली. वर्डप्रेसनं ६ डिसेंबर २०१८ रोजी ‘गुटेनबर्ग’ आणलं. त्यात प्रत्येक परिच्छेद म्हणजे वेगळा ठोकळा. संपादक मंडळी वैतागली. म्हणून जुनी पेटी परत आणणारं ‘क्लासिक एडिटर’ हे जोडसाधन वर्डप्रेसनं स्वतःच दिलं, आणि ते पन्नास लाखांहून जास्त साइटवर बसलं. ते कधी बंद होणार? आधी सांगितलं २०२१ पर्यंत, मग २०२२, मग किमान २०२४. आणि शेवटी शेपूट जोडलं: ‘किंवा गरज असेल तोवर’.